कारध्याची मोटारजत्रा

आता कोणी विचारलं तर लोक सांगतात, भंडाऱ्यापलीकडे कारध्याच्या नदीकाठी ट्रॅक्टरवाल्यांचं प्रदर्शन भरायचं. ट्रॅक्टर फार नंतर आले. सुरुवात एका गोठ्यातून झाली, आणि ती कोणामुळे झाली यावरून भंडाऱ्यात अजूनही लोक वाद घालतात. कोणी माझ्या नवऱ्याचं नाव घेतं, कोणी राईस मिलवाल्यांचं. माझं नाव त्यात कधी येत नाही. यावं असा माझा हट्टही नाही. पण ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, मैदानाच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवल्या, तेसुद्धा विसरले, हे मला अजून पचलेलं नाही.

माझं माहेर सिहोऱ्याचं, धानवाल्यांचं घर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी भंडाऱ्याला आले. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर सासरचं मोटारदुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागेच घर. सासऱ्यांना मी मामाजी म्हणत असे. ते पूर्वी नदीपलीकडच्या एका मालगुजाराचे, म्हणजे गावच्या जमीनदाराचे, ड्रायव्हर होते. मालगुजारी गेली, काही वर्षांनी मालकही वारले, तेव्हा मामाजींनी हे दुकान टाकलं. मी आले तोवर त्यांची नजर अधू झाली होती. इंजिनाचा आवाज ऐकून ते दोष सांगत आणि माझा नवरा दुरुस्त करत असे.

त्या मालगुजाराच्या विधवा बायकोने एकदा गाडीवान पाठवून निरोप दिला. लाखनीच्या वाटेवर, रस्ता सोडून आत त्यांचं गाव. सगळा मुलूख त्यांना बाईजी म्हणायचा. निरोप असा की गोठ्याचं छप्पर बदलायचं आहे, तर आतली मोटार बाहेर काढून द्या, नाहीतर मी ती मोडीत टाकते. आमचे हे गेले. मोटार कुटारात, जनावरांच्या भुशात, अर्धी गाडलेली होती. मागच्या गादीवर कोंबड्या अंडी घालत होत्या. टप फाटून लोंबत होता. मालकांच्या मागे तिला कोणी हात लावला नव्हता.

चार-सहा दिवस हे रोज सायकलने जात राहिले. मामाजीही बैलगाडीत बसून गेले आणि शेजारी बसून सांगत राहिले, इथलं खोल, तिथलं पूस. शेवटी मोटार सुरू झाली. यांनी ती चालवत भंडाऱ्याला आणली, तेव्हा कारध्याच्या जुन्या बुटक्या पुलावर पोरंसोरं मागे धावत होती आणि धुणं टाकून बायका वर येऊन बघत होत्या. दुकानासमोर संध्याकाळपर्यंत गर्दी हटली नाही.

त्या गर्दीत राईस मिलवाले होते. यांचे जिवलग मित्र. बोलायला गोड, माणसं जमवण्यात पटाईत. मी त्यांना भाऊजी म्हणायची. ते मोटारीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले,

"मिस्त्री, अशा गाड्या आपल्या जिल्ह्यात किती गोठ्यांत पडून असतील गा? साऱ्याच मालगुजाराइकडे होत्या. एका जागी बोलावू ना!"

"येतीन का त्या?" हे म्हणाले.

"तू सुरू करून दे, मी बोलावतो."

ठरलं ते एवढंच. धान चुरून-मळून घरात आलं आणि संक्रांत होऊन गेली, की लोकांच्या हाताला उसंत असते. नदीचं पाणी तोवर आटतं आणि कारध्याच्या बाजूला मोठं सपाट मैदान मोकळं होतं. तिथे पहिली जत्रा भरली. प्रदर्शन हा शब्द नंतर आला, आम्ही जत्राच म्हणायचो. हे आणि भाऊजी दिवाळीपासून गावोगाव हिंडत होते. एकेका गोठ्यातून, एकेका पडवीतून विलायती गाड्या निघाल्या. नियम एकच होता, मोटारीने स्वतःच्या इंजिनावर मैदानात यायचं. एका गावची मोटार मैदानाच्या वरच्या कडेच्या बाभळींपर्यंत बैलांनी ओढत आणली, तिथे बैल सोडले आणि उतारावरून ढकलून मैदानात सोडली. इंजिनाचा आवाज नाही आणि मोटार ऐटीत पुढे आली! लोक हसून हसून खाली बसले. मालकही हसला. त्यालाही हार घातला.

बाईजींची मोटार त्या वर्षी यांनी चालवली. त्या स्वतः आल्या नव्हत्या. मोटार परत पोचवायला हे गेले तेव्हा मीही सोबत होते. बाईजी ओसरीवर बसल्या होत्या. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, आवाज मात्र खणखणीत.

"लोक काय म्हनले?"

"लई खूश झाले जी. तुमच्याच गाडीपाशी जास्त गर्दी होती."

"मले पाहाचं होतं."

"मंग याचं होतं ना जी. पुढल्या साली या."

"कोनाच्या मांगं बसून येऊ?" बाईजी म्हणाल्या. "मालक गेल्यापासून मी या उंबऱ्याबाहेर पाय नाही टाकला. आता परक्या मानसाच्या गाडीत बसून जाऊ? तुह्या बापाची गोष्ट अलग होती. त्याले तं आता दिसत नाही."

गाडीची किल्ली त्यांनी पदराला बांधली. घरी आल्यावर यांनी हे सांगितलं, तेव्हा मामाजींनी ते दोनदा सांगायला लावलं. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले,

"सूनबाई, तू शिकतं का?"

मला वाटलं ते थट्टा करताहेत. सासूबाईंना तर ते वेडच वाटलं. पण मामाजींनी ठरवलं होतं. त्यांच्या मालकिणीला मोटारीत बसायचं होतं, आणि ती ज्याच्या मागे बसेल असं माणूस त्यांना घरातच दिसत होतं. उन्हाळ्यात दुकानातल्या एका जुन्या जीपगाडीवर, त्याच नदीकाठच्या मैदानावर, त्यांनी मला शिकवायला सुरुवात केली. मी पदर खोचून बसायची आणि ते शेजारी. त्यांना समोरचं दिसत नव्हतं आणि मला गाडी येत नव्हती.

"क्लच हळू सोड. बैलाची वेसन नोहे ते, झटका देऊन नोको सोडू. आईक, इंजिन काय म्हनून राहिलं ते आईक."

मी ऐकायला शिकले. गिअर बदलताना दोनदा क्लच दाबायचा, चढावर आधीच जोर घ्यायचा, उतारावर इंजिन बंद करायचं नाही. नदीवर मासे धरायला येणारे ढिवर जाळी खांद्यावर टाकून थांबायचे, बघायचे. पहिल्या दिवशी हसले. पुढे त्यांच्यातला एक म्हातारा मैदानातले दगड बाजूला करून ठेवायला लागला.

लायसन काढायला गेले तर कचेरीतल्या माणसाने दोनदा विचारलं, अर्ज नक्की कोणासाठी आहे. यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तेव्हा यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता. तो मी पाहिलेला आहे, म्हणून पुढचं जास्त लागतं.

दुसऱ्या वर्षी मी बाईजींना घ्यायला गेले. त्या तयार होऊन बसल्या होत्या. ठेवणीतली शाल अंगावर. मोटारीच्या पायरीवर पाय ठेवताना त्यांनी माझा खांदा धरला, तो गादीवर नीट टेकेपर्यंत सोडला नाही. गाव संपेपर्यंत त्यांनी डोक्यावरून पदर पार पुढे ओढलेला होता. गाव संपलं तसा पदर मागे गेला.

"जोरानं चालव ना व!"

"बाईजी, रस्ता खराब आहे."

"मालक यापेक्षा जोरानं नेत होते मले. तुह्या सासऱ्याले मांगं बसवून."

मी आरशातून पाहिलं. त्या हसत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मले बी शिकाचं होतं. मालक शिकवतो म्हनत होते. मंग लोक हासतीन म्हून राहून गेलं."

मैदानात शिरलो तेव्हा एकदम गलका थांबला. चालवणारी बाई, मागे बसलेली बाई. मग कुठूनतरी टाळी पडली आणि साऱ्या मैदानाने उचलली. भाऊजींनी भोंग्यावर ओरडून सांगितलं, "आमच्या वहिनी आहेत, बरं का! आमच्या मिस्त्रीच्या घरच्या!" मैदानाला मी दोन फेऱ्या घातल्या. बायका चाकांजवळ येऊन मोटारीला हळदकुंकू लावत होत्या. एकीने माझ्या हाताला हात लावून पाहिला.

पुढे सहा-सात वर्षं माझ्या आयुष्यातला तो दिवस ठरलेला होता. वर्षभर चूल, पोरं, सासूबाईंचं दुखणं, दुकानातल्या मिस्त्र्यांचा चहा. आणि संक्रांत झाली की बाईजींची मोटार. जत्रा वाढत गेली. गोंदियाकडून, पवनीकडून, पार बालाघाटच्या बाजूने गाड्या यायला लागल्या. फटफट्या आल्या. ट्रक सजवून आणायची चढाओढ लागली, कोणी केळीचे खांब बांधी, कोणी झेंडूच्या माळा. आलूबोंड्यांची, मुंगवड्यांची दुकानं पुलापर्यंत लागली. माझ्या माहेरची माणसं सिहोऱ्याहून छकड्यांतून यायची आणि नदीकाठी मुक्काम करायची. माझी आई दरवर्षी एकदा तरी म्हणायची, "माय, पाहून चालव." आणि शेजारणींना सांगायची, "ते आमची पोरगी हाये."

या वर्षांमध्येच कधीतरी मामाजी गेले. त्यांच्या शेवटच्या जत्रेत ते खुर्चीवर बसून होते आणि प्रत्येक मोटार आवाजावरून ओळखत होते.

त्याच सुमाराला पांढरा सफारी सूट घातलेला एक माणूस पहिल्यांदा दिसला. बाहेरगावचा, हिंदी बोलणारा. जुन्या मोटारींपाशी दिवसभर फिरायचा, बॉनेट उघडून इंजिनावरच्या नंबरपट्ट्या वाचायचा, फोटो काढायचा. माझ्यापाशी येऊन म्हणाला, "बहनजी, बहुत बढ़िया रखा है गाड़ी को." मला बरंच वाटलं. मीच त्याला सांगितलं, मोटार कोणाची, गाव कुठलं. भाऊजींनी तर त्याला आपल्या घरी जेवायला नेलं. आम्हाला वाटलं, आपली कीर्ती दूर गेली. अंधारात झाकून राहिलेल्या गाड्या आम्ही वर्षानुवर्षं एका रांगेत, पुसून-लखलखून, कोणीही येऊन बघावं अशा मांडत होतो. बघणारे कोण आहेत, हे आमच्यातल्या कोणाच्या मनातही आलं नाही.

ऐंशी साल उलटलं आणि भाऊजी बदलत गेले. का बदलले म्हणून एक कारण मी सांगू शकत नाही. ते निवडणुकीला उभे राहणार असं लोक बोलायला लागले होते. जत्रेची समिती झाली, भाऊजी तिचे अध्यक्ष झाले. ट्रॅक्टरच्या एजन्सीवाल्यांनी मंडप टाकून दिले. मैदानाच्या तोंडावर कमान आली. जुन्या मोटारी पहिल्या रांगेतून मागच्या रांगेत गेल्या आणि नंतर बाभळींच्या कडेला, जिथे बैलगाड्या सोडत तिथे. स्वतःच्या इंजिनावर यायचा नियम कोणी पाळेना. हे तिथे असायचे, पण आता यांना कोणी काही विचारत नसे. मैदानात जनरेटर बंद पडला की तेवढी हाक यायची.

एका वर्षी जत्रेच्या आठवडाभर आधी भाऊजी घरी आले. सोबत समितीचे दोघं. मी पाणी दिलं. भाऊजी म्हणाले,

"वहिनी, यंदा मोठे पाहुने येऊन राहिले. तुमी स्वागताले थांबा. आरतीचं ताट तुमच्याच हातात राहीन."

"मंग बाईजीची गाडी कोन आनन?"

"आनन कोनताबी ड्रायव्हर. तसं समितीनं ठरवलं आहे का बायानं गाडी नाही चालवाची. एवढी गर्दी असते. काही झालं तं नाव खराब होते."

"इतक्या सालात काही झालं का?"

"झालं नाही म्हून होनारच नाही का?" समितीतला एकजण म्हणाला. माझ्याकडे न बघता, यांच्याकडे बघून.

मीही यांच्याकडे पाहिलं. हे नखातलं काळं ग्रीस काडीने काढत बसले होते. मी वाट पाहिली. मामाजींनी मला शिकवलं तेव्हा जीपच्या मागे धावणारा हा माणूस. काहीतरी बोलतील असं मला शेवटपर्यंत वाटत राहिलं. यांनी काडी टाकली आणि म्हणाले, "समितीनं ठरवलं असंन तं ठीकच असंन."

ती माणसं गेल्यावर मी विचारलं, "काहून बोलले नाही तुमी?"

"काय बोलू? दोस्त आहे तो आपला."

"आन मी?"

"तुले काय, एक दिवसाचा खेळ. इतकं मनाले कायले लावून घेतं?"

एक दिवसाचा खेळ. वर्षातला तो एक दिवस मी कशी जपत होते हे यांना ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असूनच हे बोलले.

मी कमानीपाशी ताट घेऊन उभी राहिले. नाही म्हणायला हवं होतं हे आता सहज वाटतं. तेव्हा घरात तसं बोलायची सोय नव्हती. पाहुणे सकाळी यायचे ते ऊन कलल्यावर आले. निरांजन तीनदा विझलं. आलेल्या गृहस्थांनी ताटाकडे पाहिलंही नाही, कपाळ पुढे केलं आणि बोलत बोलत आत गेले. मग भाषणं झाली. धानाच्या भावावर, रस्त्यांवर, गोसीखुर्दच्या धरणावर. धरणात कोणाची गावं जाणार याची तेव्हा सगळीकडे कुजबुज होती, म्हणून लोक तेवढं ऐकायला थांबले. मोटारींवर कोणी एक शब्द बोललं नाही. बाईजींची मोटार आलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने त्यांच्या गावच्या फाट्यावर उतरले आणि पायी गेले.

"ड्रायव्हर आला होता," बाईजी म्हणाल्या. "परत पाठवला. तुले काहून नाही पाठवलं?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मंग झाली आपली जत्रा."

पण त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. मी मोटार सुरू केली, आणि त्यांच्या मागच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवरून, शेतांमधल्या गाडरस्त्याने आम्ही दोघी फिरून आलो. बघायला कोणी नव्हतं. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी मी जायची, मोटार पुसायची, इंजिन थोडं चालवून ठेवायची. यांना सांगून जायची. हे हो-नाही काहीच म्हणत नसत.

बाईजींना मूलबाळ नव्हतं. दिराचा मुलगा, म्हणजे त्यांचा पुतण्या, सगळा कारभार बघायचा. वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. बाईजींना वेळेवर जेवण, औषध, सगळं द्यायचा. पण त्याच्या लेखी मोटार म्हणजे जागा अडवून बसलेलं लोखंड होतं. बाईजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, तेव्हा त्यानेच त्यांना ऑपरेशनसाठी नागपूरला नेलं आणि तिथे नातेवाइकांकडे ठेवलं.

त्या दिवसांत एका सकाळी हे लवकर उठून दुकानात न जाता कुठेतरी गेले. दुपारी आले, हातपाय धुतले आणि न जेवता निजले. मी विचारलं तर म्हणाले, पित्त झालं. दोन दिवसांनी दुकानातल्या एका मिस्त्र्याच्या बोलण्यातून मला कळलं. भाऊजींनी पुतण्याची आणि त्या पांढऱ्या सफारीवाल्याची गाठ घालून दिली होती. मोटार विकली गेली. न्यायला ट्रक आला, पण मोटार सुरू होईना. कोणाच्याच हाताने होईना. चोक किती ओढायचा, हँडल कुठे थांबवायचं, हे फक्त आमच्या घरात माहीत होतं. भाऊजींनी यांना बोलावून नेलं. यांनी मोटार सुरू केली आणि फळ्यांवरून ट्रकमध्ये चढवून दिली.

मी यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तुमी चढवली?"

हे खाली बघत म्हणाले, "मी नाही चढवली असती तं त्यायनं साखळीनं ओढली असती. मोडतोड झाली असती."

"मले सांगतलं काहून नाही?"

"सांगून काय झालं असतं?"

काही झालं नसतं हे मलाही कळत होतं. कारभार पुतण्याच्या हाती, विकणारा तो, घेणारा दुसराच. पण मी तिथे असते. तेवढं तरी झालं असतं. त्यानंतर कितीतरी दिवस मी यांना कामापुरतं बोलायची. जेवायला वाढलं आहे, अमुक आला होता, बस.

बाईजी परत आल्या असं कळल्यावर मी गेले. डोळ्यावर हिरव्या कापडाची झापड, हातात काठी. ओसरीवर बसलेल्या. माझ्या पावलांवरून त्यांनी ओळखलं.

"आली का? बस. डॉक्टर म्हनते आता लख्ख दिसन. पट्टी सुटली का मले एकडाव कारध्यावरी नेऊन आन. कोनी नसलं तरी चालते. गाडी पुसून ठेवली ना?"

त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पुतण्याची बायको दारात उभी होती, ती आत निघून गेली. सांगणं माझ्याच वाट्याला आलं. मी जवळ बसले आणि सांगितलं. विकली, ट्रक आला, नेली.

बाईजींनी काठी जमिनीवर नीट आडवी ठेवली.

"सुरू कोनं केली?"

मी ती काठी उचलून भिंतीला टेकवली.

"सांग ना."

"आमच्या यायनं."

मला वाटलं आता शिव्या देतील, आणि द्याव्यात असंही वाटलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. दुसऱ्या कोनं क्लच जाळला असता." मग आतल्या बाजूला तोंड करून त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. पट्टीच्या खालून पाणी गालावर येत होतं. डॉक्टरने रडायला मनाई केली असणार. मी पदराने टिपत राहिले. त्यांनी हात झटकला नाही. पट्टी सुटल्यावर त्यांना दिसायला लागलं. मी पुढे दोन-तीनदा गेले, पण आम्हाला बोलायला काही उरलं नव्हतं. एका पावसाळ्यात त्या वारल्याचं मला उशिरा कळलं.

बाईजींची मोटार गेली तशा बाकीच्याही गेल्या. एकेका गावात तो पांढऱ्या सफारीवाला पोचला. कुठली मोटार कोणाकडे, चालू आहे की बंद, मालकाला तिची किती माया, हे सगळं त्याला जत्रेत फुकटात कळलं होतं. दोन-तीन वर्षांत बाभळींच्या कडेची रांग रिकामी झाली. खेड्यांतून आलेले लोक विचारायचे, "त्या जुन्या गाड्या कुठं गेल्या जी?" आणि भोंग्यावरून नव्या नांगराची माहिती चालू असायची. भाऊजी निवडून आले होते. जत्रेत त्यांचा फोटो कमानीवर लागायचा.

मग ट्रॅक्टरवाल्यांनीही अंग काढून घेतलं. भंडाऱ्यात, तुमसरात त्यांची पक्की दुकानं झाली. वाळूत मंडप टाकून बसायची त्यांना गरज काय? फटफटी आता गल्लोगल्ली होती, ती बघायला कोण नदी ओलांडणार? एका वर्षी मी माहेरच्या माणसांसोबत गेले. मैदानात धुळीने माखलेले दोन ट्रॅक्टर, एक कुकर विकणारा, एक फुगेवाला. भोंगा चालू होता पण बोलणारा जागेवर नव्हता. नुसती घरघर येत होती. माझी आई म्हणाली, "चाल व, घरी जाऊ." त्यानंतरच्या वर्षी मंडप पडला नाही. बंद झालं असं कोणी जाहीर केलं नाही. आलूबोंडेवाले चार दिवस आधी येऊन चुली मांडून बसले होते, ते चुली मोडून गेले.

भाऊजी पुढच्या निवडणुकीत पडले. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, ऐंशीचं दशक संपत आलं असताना, ते आमच्या घरी आले. केस पांढरे झाले होते, सोबत कोणी नव्हतं. यांच्याशी इकडचं तिकडचं बोलले आणि मग मला हाक मारली.

"वहिनी, जत्रा पुन्हा सुरू करावी म्हनतो. जुन्या गाड्यायची. आताच्या लोकाईले त्याची लई हौस आहे. आन गाडी तुमीच चालवाची! बाई गाडी चालवून राहिली म्हटलं तं पेपरवाले येतीन."

हे माझ्याकडे बघत होते. यांच्या चेहऱ्यावर आशा होती, आणि त्या आशेचाच मला सर्वांत जास्त राग आला.

"कोनती गाडी, भाऊजी?" मी विचारलं.

ते हसले. मग हसू तसंच राहिलं. त्यांनी यांच्याकडे पाहिलं तर हे भिंतीकडे बघत होते. भाऊजी थोडा वेळ बसले. मी आत गेले आणि तांदूळ निवडायला घेतले. त्यांना चहा विचारला नाही. आमच्या घरातून कोणी चहा न घेता गेलं असं तोवर झालं नव्हतं. चपला घालताना त्यांचा आवाज आला, "बरं वहिनी, येतो," आणि मी ओ दिली नाही. हे त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत गेले, आणि परत यायला यांनी बराच वेळ लावला.